चेंडूमागचा साया

अब्बा शिंपी होते. मिरजेत आमच्या घराच्या ओट्यालाच त्यांचे मशीन असे. डोळ्यांची पहिली तक्रार त्यांनी केली ती २०११ साली, मी बी.एड.ची गुणपत्रिका घेऊन घरी गेलो त्या दिवशी. कागद कधी जवळ आणत, कधी लांब धरत ते म्हणाले, "हरफ के पिछे साया दिखता है रे." आम्ही सगळे हसलो. नंबर वाढला असेल, चष्मा बदला, असे म्हणून मी विषय संपवला. साखरेचा आजार त्यांना दहा वर्षांपासून होता आणि तो डोळ्यांत उतरतो हे मला, विज्ञानाच्या पदवीधराला, ठाऊक होते. तरी मी हसलो. दोन वर्षांनी डाव्या डोळ्यात रक्त उतरले. लेसर झाले, इंजेक्शने झाली. डोळा गेला तो गेलाच. उजव्या डोळ्यावर ते शेवटपर्यंत मशीन चालवत राहिले, सुईत दोरा ओवायचे काम मात्र अम्मीकडे आले. २०१७ साली ते वारले.

हे आधी सांगायचे कारण असे की डिसेंबर २०२२ मध्ये मलाही साया दिसू लागला.

मी निफाड तालुक्यातल्या एका गावी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान आणि गणित शिकवतो. २०२० साली शाळा बंद झाल्या, ऑनलाइन तास घ्यायची वेळ आली, तेव्हा चौतीस हजारांचा एक लॅपटॉप हप्त्यावर घेतला. त्या वर्षी त्यावर तास घेतले, गुणांचे तक्ते केले, शासनाच्या पोर्टलवर माहिती भरली. आणि आता कबूल करायला हरकत नाही, खेळलोही. बी.एड.ला असताना सायबर कॅफेत आम्ही पाच-सहा मित्र 'क्रिकेट ०७' खेळायचो. २००६ साली आलेला तो खेळ इतका हलका, की कुठल्याही साध्या लॅपटॉपवर चालतो. फजरची नमाज झाली, की बायको-मुले उठायच्या आत अर्धा तास मी एक छोटा सामना खेळून घेई. आवाज बंद करून. वर्गात मुलांना "गेम खेलोगे तो आँखें फूटेंगी" असे बजावणारा मास्तर पहाटे घोंगडी पांघरून षटकार मारतो आहे, हे कुणाला कळू नये एवढी काळजी मी घेत असे.

निफाडची थंडी आता पेपरांमुळे सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाली आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा रोज छापून येतो. दहाच्या खाली तर तो नेहमीच जातो. द्राक्षबागांतून शेकोट्यांचा धूर निघत असतो. अशाच एका पहाटे मी फलंदाजी करत होतो आणि चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटला तसा त्याच्यामागे एक करडी शेपटी निघाली. मी डोळे चोळले. पुढच्या चेंडूला पुन्हा तेच. मी उंच फटका मारला, कॅमेरा चेंडूमागे वळला, तर सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकाच्या पांढऱ्या कपड्यांना दुसरा एक फिकट क्षेत्ररक्षक चिकटून पळताना दिसला. अब्बांचे शब्द जसेच्या तसे कानांत वाजले. लॅपटॉप मिटला आणि तसाच बसून राहिलो.

पुढचे जवळजवळ दोन महिने मी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. वर्गात फळ्यावरच्या ओळी पाठीमागच्या भिंतीपासून वाचून बघायचो. एक डोळा झाकून दुसऱ्याने कॅलेंडर बघायचो. कॅलेंडर स्वच्छ दिसे, फळा स्वच्छ दिसे. पण पहाटे खेळायला बसलो, की साया हजर. दुपारी क्वचित बघितले तर कमी वाटे. ते कमी-जास्त होणे हीच खरे तर उत्तराची किल्ली होती. पण भीती वाटू लागली, की माणूस विज्ञान विसरतो. मला वाटले, पहाटे उपाशीपोटी साखरेचे काहीतरी होत असेल. तपासणी करून घ्यायची हिंमत नव्हती. वय चौतीस, घरात दोन लहान मुले, लॅपटॉपचेच हप्ते जेमतेम संपलेले.

बायकोने दोनदा विचारले, "क्या हुआ जी, चुप-चुप क्यों रहते?" मी म्हणालो, निकालाचे काम आहे. जानेवारीत निकालाचे काम नसते हे तिलाही माहीत होते.

आता आठवीतल्या एका मुलाविषयी. त्याचे वडील लासलगावच्या कांदा बाजारात हमाली करतात. तो संध्याकाळी मामाच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. त्या जानेवारीत तो वर्गात बाकाखाली मोबाइलवर गेम खेळताना सापडला. मी मोबाइल काढून घेतला, शिक्षकखोलीतल्या कपाटात कुलूपबंद केला, वडिलांना बोलावले. वडील एका दिवसाची हजेरी बुडवून आले, हात जोडून उभे राहिले. मी त्यांना डोळ्यांवर पंधरा मिनिटे भाषण दिले. ते भाषण मी कुणाला देत होतो, हे आता लक्षात येते.

पंधरा दिवसांनी एका शनिवारी सकाळच्या शाळेत मी लॅपटॉपवर हालत्या चित्रांचा एक पाठ दाखवत होतो. लंबक डावी-उजवीकडे झुलत होता. पुढच्या बाकावरून तोच मुलगा म्हणाला, "सर, आप के डिस्प्ले में बहुत घोस्टिंग है."

मी विचारले, "काय आहे?"

"घोस्टिंग, सर. भूत. गोले के पीछे गोला दिख रहा है."

सगळा वर्ग हसला. मी मात्र टेबलाला धरून उभा राहिलो. तुलाही दिसते? मी इतर मुलांना विचारले. चाळीसपैकी पुढच्या तीन बाकांवरच्या सगळ्यांना दिसत होते. चाळीस मुलांना एकदम साखर होत नाही, एवढे गणित मला त्याही अवस्थेत आले.

शाळा सुटल्यावर त्याला थांबवून घेतले. दोन महिन्यांत जे बायकोला सांगितले नव्हते ते तेरा वर्षांच्या मुलाला सांगून बसलो, अब्बांसकट. त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "सर, पहले स्क्रीनशॉट लेके देखते." लंबक झुलत असताना त्याने लॅपटॉपवरच स्क्रीनशॉट घेतला. त्या चित्रात गोळा एकच, कडा स्वच्छ. "मतलब लॅपटॉप सही बना रहा है. अब बाहर से फोटो निकालो." मी माझ्या मोबाइलने पडद्याचा फोटो काढला. फोटोत गोळ्यामागे फिकट शेपटी होती. तो म्हणाला, "देखो, कॅमेरे में भी आ गया. कॅमेरे को शुगर थोड़ी है, सर?"

इतकी साधी युक्ती. लॅपटॉपने मनात जे चित्र तयार केले त्यात भूत नाही, पडद्यावर उमटलेल्यात आहे. म्हणजे दोष पडद्याचा. उलट, स्क्रीनशॉटमध्येही भूत दिसले तर समजावे, की ते खेळानेच तयार केले आहे. हे मला नंतर त्याच्या मामाच्या दुकानात बघायला मिळाले. तिथे नव्या खेळातल्या मोटारीमागे पुसट छाया येई आणि स्क्रीनशॉटमध्येही ती असे. नवे खेळ चित्राच्या कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून आधीच्या चित्रांचा थोडा अंश पुढच्या चित्रात मिसळतात. टीएए नावाची ही सोय खेळाच्या सेटिंगमध्ये बदलता येते किंवा काही खेळांत बंदही करता येते. माझ्या २००६ सालच्या खेळात असले काही नव्हतेच. तेव्हा त्या बाजूने तो निर्दोष.

पडद्याच्या आत काय चालते हे त्या आठवड्यात मी नीट वाचून काढले. वर्गात शिकवलेलेच होते, पण स्वतःवर बेतल्याशिवाय धडा कळत नाही. लॅपटॉपच्या पडद्यात द्रवस्फटिक असतात. उर्दू विज्ञानाच्या पुस्तकात स्फटिकाला 'कलम' म्हणतात, त्यामुळे पडद्यावर लाखो कलमा उभ्या-आडव्या होऊन चित्र लिहीत आहेत, अशी कल्पना मुलांना फार आवडते. विजेचा दाब बदलला, की हे रेणू वळतात आणि मागून येणारा उजेड अडतो किंवा सुटतो. १८८८ साली प्राग शहरात फ्रीड्रिश रायनित्सर या वनस्पतिशास्त्रज्ञाला हे प्रकरण सापडले. त्याने गाजरापासून मिळवलेल्या एका पदार्थाचे संयुग तापवले, तर ते १४५.५ अंशांना वितळून गढूळ झाले आणि १७८.५ अंशांना पुन्हा एकदा जणू वितळून स्वच्छ झाले. अम्मी आम्हांला डोळ्यांसाठी गाजर खायला लावायची. ज्या गाजरातून हे सगळे निघाले, त्यानेच मला दोन महिने डोळ्यांसाठी रडवले.

तर हे रेणू वळायला वेळ घेतात. माझा पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवतो, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद. स्वस्त लॅपटॉपच्या पडद्यांत एका करड्या छटेतून दुसऱ्या छटेत जायला ३०-४० मिलिसेकंद लागणे सर्रास आढळते. म्हणजे चेंडू पुढे गेला, त्याच्यापुढे आणखी दोन चित्रे उमटली, तरी मागच्या जागचा चेंडू पुरता पुसलेला नसतो. तोच साया.

मुलाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "नापता येईल, सर. स्लो मोशनने." तो माझ्याशी मराठी बोलायचा प्रयत्न करी तेव्हा समजावे, की त्याला काहीतरी हवे आहे. "२४० वाला स्लो मोशन लगेगा. आप के मोबाइल में नहीं है."

"मग कुणाच्या आहे?"

"मेरे में है. मामा ने दिया था, पुराना है लेकिन बड़ी कंपनी का. वो आप की अलमारी में है."

मी कपाट उघडले.

पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी आणि आणखी चार मुलांनी प्रयोग केला. करड्या पाटीवरून काळा गोळा सरकत जाईल अशी एक स्लाइड तयार केली. मोबाइल पुस्तकांच्या थप्पीवर टेकवून सेकंदाला २४० चित्रांच्या वेगाने चित्रण केले. एक चित्र म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. गोळा एका जागेवरून निघून गेला, की ती जागा पुन्हा पुरती करडी व्हायला किती चित्रे लागतात, ते मोजायचे. मुले एकेक चित्र पुढे सरकवत मोठ्याने मोजत. प्रयोगशाळेतला तापमापक शेजारी ठेवला होता. सकाळी सातला खोलीत ११ अंश होते आणि लॅपटॉप रात्रभर बंद होता. आकडा आला १४. लॅपटॉप वीस मिनिटे चालू ठेवल्यावर १०. दुपारी एक वाजता, २६ अंशांना, ८. पहिल्या मोजणीवर माझा विश्वास बसेना, म्हणून सोमवारी पहाटे घरी एकट्याने पुन्हा मोजले. १४ आणि १५.

चौदा चित्रे म्हणजे ५८ मिलिसेकंद. पहाटेच्या थंडीत साया जवळजवळ दुप्पट लांब होत होता. द्रवस्फटिक शेवटी द्रवच. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे थंडीत काकवीच्या बाटलीचे तोंड उलटे धरून उभे राहावे लागते, हे तसेच. गारठ्यात तो घट्ट होतो आणि रेणू जड अंगाने वळतात. उपाशीपोटीच्या साखरेशी त्याचा काही संबंध नव्हता. मी रोज पहाटे सर्वांत थंड वेळी, बंद असलेला पडदा उघडून खेळायला बसत होतो आणि दोष डोळ्यांना देत होतो.

मुलांना एवढ्यावर समाधान नव्हते. शाळेच्या प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडला. त्यात द्रवस्फटिक नाहीत, बारीक आरसे असतात आणि ते निमिषात वळतात. भिंतीवर गोळ्याची शेपटी गेली. पण पाटी काळी आणि गोळा पांढरा करून बघितला, तर डोळा फिरवताच गोळ्याला लाल-हिरवी-निळी किनार दिसे; त्या प्रोजेक्टरात रंगांची चकती एकामागून एक रंग फेकत असते. शिवाय शेपटी गेली तरी धावता गोळा थोडा फरपटलेला दिसतच होता. हा भाग मात्र खरोखर डोळ्यांचा आहे, आणि तो सगळ्यांच्याच डोळ्यांचा आहे. पडदा प्रत्येक चित्र आपल्या वेळापुरते जागच्या जागी धरून ठेवतो, नजर मात्र गोळ्याबरोबर सरकत असते. उभे चित्र आणि चालती नजर, यांत ते पुसट होते. मी भिंतीवर एक टिकली लावली आणि मुलांना फक्त तिच्याकडे बघायला सांगितले. शेजारून गेलेला गोळा स्वच्छ दिसला. अकराव्या शतकात इब्नुल हैसम यांनी 'किताबुल मनाज़िर'मध्ये रंगीत भोवऱ्याचे उदाहरण दिले आहे. फिरणाऱ्या भोवऱ्यावरचे वेगवेगळे रंग मिसळून एकच दिसतात, कारण रंग ओळखायलाही डोळ्याला वेळ हवा असतो. मी ते सांगितले तेव्हा एका मुलाने खिशातून भोवरा काढला. तोही खरे तर जप्त करायला हवा होता.

आता उपायांचे सांगतो, कारण हा त्रास अनेकांना असेल. तालुक्याच्या एका दुकानदाराने पडदा बघून सांगितले होते, पॅनल गेले, साडेसहा हजार पडतील. मुलाच्या मामाने हात लावायच्या आधीच सांगितले, "वही पॅनल लगेगा, वही दिखेगा." जास्त वेगाचा पडदा बसवता येईल का, असे विचारले तर त्याने लॅपटॉपच्या आतली वायर दाखवली. ६० चित्रांच्या साध्या पडद्याला ३० पिनांची जोडणी असते, १२० किंवा १४४ चित्रांच्या पडद्याला बहुधा ४० पिनांची. माझ्या लॅपटॉपला ती सोय नाही. महागड्या गेमिंग लॅपटॉपमध्ये आणि वेगळ्या मॉनिटरमध्ये रेणूंना जास्त दाबाचा धक्का देऊन लवकर वळवायची सोय असते. तिला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. तीही अति केली, की रेणू ठरल्यापेक्षा पुढे वळतात आणि काळ्या सायाऐवजी पांढरट साया येतो. मधली पायरीच बरी. मॉनिटर जोडता आला असता, पण त्याला आठ-दहा हजार लागतात आणि सकाळच्या अर्ध्या तासासाठी तेवढे घालणे मला पटले नाही. मी एवढेच केले, की खेळण्याआधी वीस मिनिटे लॅपटॉप चालू करून ठेवू लागलो. बॅटरी वाचवण्यासाठी पडद्याचे काम कमी करणाऱ्या सेटिंग होत्या त्या बंद केल्या. त्याने फार फरक पडला असे नाही. मुलाच्या वडिलांनी चुलीजवळ ठेवायचा सल्ला दिला होता, तो मात्र पाळला नाही. थंड यंत्राला एकदम उबेत नेले, की आत दव धरते.

मोबाइल त्या रविवारीच परत दिला. वडिलांना भेटायला मी स्वतः बाजार समितीत गेलो. ते पोते पाठीवर घेऊन चालले होते. मला बघून घाबरले, पोते तसेच घेऊन उभे राहिले. "अब क्या किया उस ने?" मी म्हणालो, काही नाही, चांगले केले. त्यांचा विश्वास बसायला बराच वेळ लागला.

आणि डोळे? पडद्याने निर्दोष ठरवले तरी अब्बांचा मुलगा म्हणून मला एकदा बघून घ्यायचेच होते. फेब्रुवारीत नाशिकला गेलो. डोळ्यांत थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या, डॉक्टरांनी पडदा तपासला. डोळ्यातल्या त्या भागालाही मराठीत पडदाच म्हणतात, हे त्या खुर्चीत बसल्यावर लक्षात आले. पडदा स्वच्छ होता. पण उपाशीपोटीची साखर ११८ निघाली. शंभरच्या आत हवी, १२६ ला आजार धरतात. डॉक्टर म्हणाले, वडिलांना होती ना, मग आता दर तीन महिन्यांनी बघत जा.

एस.टी.तून परत येताना थेंबांचा अंमल उतरला नव्हता. गाड्यांच्या पाट्या, दुकानांची नावे, सगळ्यांना कडा फुटल्या होत्या. अब्बा सहा वर्षे असेच बघत होते. घरी पोचलो तर बायकोने दारातच माझ्या डोळ्यांकडे बघितले आणि हातातली परात खाली ठेवली. मी सगळे सांगितले, पहाटेच्या खेळासकट. खेळाचे ऐकून ती हसेल असे वाटले होते. ती म्हणाली, "दो महीने? अब्बा ने भी हम को बाद में ही बोले थे." आणि आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तो मुलगा आता आयटीआयला आहे. आम्ही मोजणी केली ती वही माझ्याकडे राहिली. पहिल्या पानावर त्याच्या अक्षरात अंश आणि आकडे आहेत: ११ ला १४, २६ ला ८. त्याच्या पुढच्या पानापासून मी माझ्या साखरेचे आकडे लिहीत आलो आहे. मध्ये एकदा १२१ झाली होती. अर्धा तास खेळाऐवजी आता आधी चालायला जातो, तेवढ्यात लॅपटॉप तापतो. गेल्या वेळचा आकडा १०६ आहे. तो बायकोने लिहिला आहे.